सहावा प्लग

परवा बोलता बोलता मी नातवाला म्हणालो, "आपल्या ट्रकचा प्लग मोडला होता तेव्हा..." तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "आजोबा, ट्रकला कुठं प्लग असतो? प्लग मोटारसायकलला असतो." त्याचं चूक नाही. त्याच्या जन्मापासून त्यानं जेवढे ट्रक पाहिले ते सगळे डिझेलचे. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती नुसत्या दाबानं तापते आणि तेल आपोआप पेट घेतं. तिथं ठिणगीचं कामच नाही. पण आमच्या लहानपणी रस्त्यावर पेट्रोलचे ट्रक होते आणि त्यातला एक आमच्या खळ्यात उभा असायचा. त्याच्या सहाव्या प्लगाची ही हकिगत आहे. पन्नास वर्षं झाली, घरात ती मी कुणाला पुरती सांगितलेली नाही.

आधी गाडीचं सांगतो. आमच्या आजोबांनी, म्हणजे तात्यांनी, दोन भागीदार धरून एक डॉज ट्रक घेतला तो बावन्न सालच्या सुमाराला. लष्करातून उतरलेला, मधे एका व्यापाऱ्याच्या हाताखालून गेलेला. दुसऱ्या महायुद्धात कॅनडामधल्या फोर्ड, शेव्हरोले आणि डॉज यांच्या कारखान्यांतून मित्रराष्ट्रांच्या फौजांसाठी लाखांनी गाड्या निघाल्या. ब्रिटिश फौजेसाठी असल्यामुळं त्यांचं स्टेअरिंग उजवीकडं, म्हणून त्या आपल्याकडं चालायलाही सोयीच्या. लढाई संपल्यावर या गाड्यांचे निलाव झाले. कितीतरी गावांत पहिला ट्रक आला तो असा, रणगाड्याच्या रंगाचा. आमच्याही गाडीचा हिरवा रंग तात्यांनी लाल करून घेतला होता, पण दाराच्या आतल्या बाजूला तो तसाच होता.

त्या काळी रस्त्यावर कायकाय गाड्या दिसायच्या! १ जून १९४८ला पुणे ते नगर अशी पहिली एसटी सुटली. सुरुवातीच्या एसटीत बेडफर्ड, शेव्हरोले, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, लेलँड अशा दहा तऱ्हेच्या गाड्या होत्या. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनीचा कारखाना काढला, तिथं डॉज आणि फार्गो जोडायला लागले. फार्गो म्हणजे डॉजचाच भाऊ, नाव तेवढं वेगळं. त्यामुळं आमच्या गाडीला सामान मिळत राहिलं. पुढं १९५४ला जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजचा डिझेल ट्रक बाहेर पडला आणि पेट्रोलवाल्यांचे दिवस भरत आले. पण खेड्यात दिवस भरायलाही वेळ लागतो. आमची डॉज बहात्तर-त्र्याहत्तरपर्यंत चालत होती.

तिचं इंजिन सहा सिलिंडरचं, एका रांगेत, सगळं बिडाचं. व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये आणि वर सपाट हेड, भाकरीच्या तव्यासारखं. त्या हेडवर सहा प्लग उभे. उभे म्हणजे तोंड वर करून. ही गोष्ट महत्त्वाची आहे. कारण वर जे पडेल ते त्यांच्या बुडाशी साचणार. पावसाचं पाणी, धूळ, कडब्याचं भूस, सगळं. पुढचे पाच प्लग हाताला यायचे. सहावा मात्र केबिनच्या पत्र्याखाली दडलेला. त्याला पाना लावायचा तर आंधळ्यासारखं चाचपून लावायला लागायचा. म्हणून त्याची साफसफाई कुणी करायचं नाही. नाना, म्हणजे माझे धाकटे चुलते, गाडी चालवायचे. तेही पाच प्लग काढून घासायचे आणि सहाव्याला म्हणायचे, "तू चालतोय ना, मग चाल."

प्लग ही वस्तू आहे तरी केवढी! मधून एक तार जाते, तिच्याभोवती चिनी मातीची नळी, बाहेरून लोखंडी कवच, कवचाला वर पाना बसायला सहा कोन आणि खाली आटे. टोकाला केसाएवढी फट, तिथं ठिणगी उडायची. लेन्वा नावाच्या माणसानं १८६०ला पॅरिसमध्ये इंजिन केलं, त्यात विजेच्या ठिणगीनं गॅस पेटवला. पण भरवशाचा प्लग व्हायला १९०२ उजाडलं. जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात होनोल्ड नावाच्या इंजिनियरनं जास्त दाबाच्या मॅग्नेटोसोबत तो केला. आपल्याकडं प्लग म्हटलं की मायको. त्या कंपनीची स्थापना बंगळुरूला १९५१ची, आणि तीही बॉशच्याच हातची. हे सगळं मला नंतर वाचून कळलं. तेव्हा फक्त एवढं माहीत होतं की प्लग काळा आला तर नाना शिव्या देतात आणि विटकरी रंगाचा आला तर बिडी पेटवतात.

त्या वर्षी प्लग काळेच यायचे. कारण पेट्रोलात रॉकेल. खोटं कशाला बोलायचं, सगळेच मिसळायचे. जुनं कमी दाबाचं इंजिन, एकदा गरम झालं की रॉकेलवरही ओढायचं. पण रॉकेल पुरतं जळत नाही, काजळी धरतं. ती काजळी प्लगाच्या खालच्या आट्यांवर बसते आणि भाजून दगड होते. वरून गंज, खालून काजळी, आणि मधे प्लग. असा तो कोंडतो.

आता बहात्तरच्या दुष्काळाचं मी वेगळं काय सांगू? सिन्नर तालुक्याचा पूर्वभाग, वावीकडचा, तसाही कमनशिबी. आई खडी फोडायला जायची. रेशनला लाल मिलो मिळायची, तिच्या भाकरीला चव म्हणून नव्हती. जनावरांना तेवढंही नव्हतं. प्रवरेच्या आणि गोदावरीच्या कालव्यावर मात्र ऊस होता. नाना कोपरगावकडून उसाचे वाढे भरून आणायचे. गावातल्या पंधरा-वीस घरांनी वर्गणी काढून खेप ठरवायची, गाडी वेशीत आली की वाटे करायचे. आमच्याही गोठ्यात त्यातलाच वाटा. दोन बैल होते. एक पांढरा, म्हातारपणाकडं झुकलेला, आणि एक तांबडा, चार दाती, वडिलांनी घरच्या गाईचा वाढवलेला.

मी आठवीत होतो. शाळा सकाळची झाली होती, म्हणून दुपारपासून मी नानांच्या गाडीवर क्लीनर. पुढं पंचाहत्तरला दहावीची पहिली बॅच निघाली, त्यात मी पास झालो आणि तिथंच थांबलो. पण त्या वर्षी मला वाटायचं, शाळा कशाला, मी ड्रायव्हरच होणार.

फेब्रुवारी संपता संपता गाडी धक्के द्यायला लागली. नानांनी एकेका प्लगाची तार काढून पाहिली. पाच तारा काढल्यावर इंजिनाचा आवाज बदलायचा, सहावी काढली तरी काहीच फरक नाही. म्हणजे सहावा मेलेला. तालुक्याच्या एका गॅरेजात महिनाभर आधी सगळे प्लग बसवून घेतले होते. त्या बहाद्दरानं सहाव्याखालचा तांब्याचा वॉशर घातलाच नव्हता आणि तो गळू नये म्हणून पान्याला पाइप लावून करकचून आवळला होता. हे आम्हाला नंतर समजलं.

नानांनी त्या रात्री पाना लावून पाहिला. हलेना. त्यांनी प्लगाच्या बुडाशी रॉकेल आणि इंजिन ऑइल एकत्र करून ओतलं आणि मला म्हणाले, "याला हात लावू नको. रात्रभर मुरू दे. सकाळी मी काढतो." आणि वस्तीवर जेवायला गेले.

मी एकटा गाडीपाशी. सकाळी खेपेला निघायचं होतं, वाढ्यांचे पैसे भरलेले होते. मला वाटलं, नाना येईपर्यंत आपण प्लग काढून ठेवला तर काय म्हणतील! बॉक्स पाना घातला, टॉमी घातली, टॉमीला पाण्याच्या पंपाचा पाइप चढवला. इंजिन अजून चटके देत होतं. एका बाजूनं लोंबकळलो. पाना तिरपा झाला. आधी चिनी मातीचा कट्ट असा आवाज आला. तिथं थांबायला पाहिजे होतं. मी आणखी जोर लावला. मग काहीतरी मऊ झालं, लोण्यात सुरी गेल्यासारखं, आणि मला आनंद झाला की निघाला! पाना वर उचलला तर त्यात फक्त प्लगाचं डोकं. आट्यांचा भाग हेडमध्ये तसाच, वर मान तुटलेली.

सकाळी नानांनी पाहिलं. एक शब्द बोलले नाहीत. पानाही त्यांनीच पुसून ठेवला. वेशीत माणसं जमली होती, त्यांना म्हणाले, "माझ्या हातानं मोडला. दोन-तीन दिवस लागतील."

दोन-तीन दिवस म्हणजे काय ते त्या वर्षी गोठा असलेल्या माणसाला विचारा. दुसऱ्या दिवशी गोठ्यातली गव्हाण चाटून पुसून कोरडी. वडिलांनी छपरावरचं जुनं पाचट उपसून टाकलं, बैलांनी हुंगून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मोटारीतून फिरणारा एक दलाल आला. असे दलाल तेव्हा गावोगाव फिरत होते, बैल कुठं जाणार हे कुणी विचारायचं नाही. वडिलांनी तांबड्याला सोडलं. पांढऱ्याला कुणी घेतलं नसतं. आईनं त्याच्या कपाळाला हळद लावली आणि ती लगेच आत गेली. मी खळ्यात गाडीच्या मागं उभा होतो.

त्याच संध्याकाळी नाना सायकलवर डबलसीट बसवून चाचांना घेऊन आले. चाचा सिन्नरचे जुने मिस्त्री. लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपात होते. १९४३ला फौजेनं गाड्यांच्या दुरुस्तीसाठी वेगळं दल उभं केलं, त्या सुमाराला खेड्यापाड्यांतली कितीतरी पोरं तिथं पाना धरायला शिकली आणि परत येऊन त्यांनीच आपल्याकडची गॅरेजं काढली. चाचा त्यातलेच. वाकून बॅटरीच्या उजेडात त्यांनी भोक बघितलं, बोट फिरवलं, आणि विचारलं, "कुणी मोडला?"

"मीच," नाना म्हणाले.

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या तळहाताला पाइपाचे फोड आलेले होते. ते काही बोलले नाहीत. "पोराला राहू दे माझ्याजवळ," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी जे केलं ते मी इतक्यांदा मनात घोळवलं आहे की आजही क्रमानं सांगता येईल. आधी सायकलचा पंप मागवला आणि हेडवरची सगळी धूळ, भुसकट फुंकून काढलं. का, तर प्लग निघाला की हे सगळं सिलिंडरमध्ये पडणार. एक खडा जरी आत राहिला तरी तो सिलिंडरला ओरखडे पाडतो. मग हँडल फिरवून सहावा पिस्टन वर आणला, अशा जागी की दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील. सायकलच्या स्पोकच्या टोकाला ग्रीस लावून चिनी मातीचे तुकडे एकेक करून उचलले. "लोहचुंबकाला माती चिकटत नाही," म्हणाले, "तिला ग्रीसच पाहिजे."

रात्री सुताराच्या शेजारच्या लोहाराला उठवलं. जुनी चौकोनी कानस होती, तिची शेपटी निमुळती असते. ती तशीच ठोकली तर? मी विचारलं. "कानस कडक असते, आत तुटेल. मग तिच्यावर ड्रिलपण चालणार नाही आणि हेड भंगारात." म्हणून लोहारानं भात्यात तापवून तिचं पाणी उतरवलं, थोडी नरम केली, आणि कोन घासून धारदार केले.

गाडीच्या टाकीचा कॉक बंद केला, कार्बोरेटर रिकामा केला, बॉनेट उघडं ठेवून वास जाऊ दिला. या बाबतीत चाचा फार कडक. मग लोहारानं लालबुंद तापलेली सळई आणली, ती तुटलेल्या कवचाच्या भोकात धरली. आतलं कवच तापलं, फुगलं. सळई काढली, ते आकसायला लागलं. गरम असतानाच चाचांनी मेणबत्ती कडेला टेकवली. मेण वितळून आट्यांत ओढलं गेलं. पाणी जसं जमिनीच्या भेगेत जातं तसं. असं तीनदा. प्रत्येक वेळी गार होईपर्यंत बिडी. घाई नाही. मी आणि नाना मात्र दर बिडीला अस्वस्थ.

चौथ्या वेळी कानशीची शेपटी त्यांनी भोकात हळूहळू ठोकली, तिच्या चौकोनाला पाना लावला, आणि उलटा फिरवण्याऐवजी आधी सुलटा, आवळायच्या बाजूला, केसभर दाबला. मला वाटलं हे चुकले. तेवढ्यात आतून बारीक टक् असा आवाज आला. "ऐकलं? गंज सुटला. आता इकडं ये."

पान्याच्या टॉमीची दोन्ही टोकं त्यांनी माझ्या दोन्ही हातांत दिली आणि वरून आपले हात ठेवले. दोन्हीकडं सारखा जोर, म्हणजे पाना तिरपा होत नाही. पाव फेरा सोडला. थांबले. तेलाचे चार थेंब. परत थोडा आवळला, परत सोडला. "काजळीचा चुरा आट्यांत असतो. एकदम ओढला तर तो पाचरीसारखा बसतो. पुढं-मागं केलं तर तेलात निघून येतो." एका जागी पाना स्प्रिंगसारखा वाटला, फिरतोय पण परत येतोय. चाचांनी लगेच हात थांबवले. "हे बघ. आता लोखंड पिळतंय, सुटत नाहीये. परवा असंच लागलं असंल ना तुझ्या हाताला?"

मी हो म्हणालो. नानांनी ऐकलं, पण ते दुसरीकडं बघत राहिले.

पहाटे कवच निघालं. आटे काजळीनं भरलेले, पण हेडचे आटे शाबूत. प्लग न बसवता चाचांनी हँडल मारायला लावलं, भोकातून फस्स फस्स हवा निघाली आणि उरलासुरला चुरा बाहेर उडाला. नवा मायकोचा प्लग, खाली तांब्याचा वॉशर, आट्यांना ग्राफाइटचं बोट, हातानं शेवटपर्यंत आणि मग पान्यानं फक्त पाव फेरा. गाडी सुरू झाली तेव्हा उजाडलं होतं. नाना तसेच कोपरगावला गेले. संध्याकाळी वाढे आले. वेशीत वाटे झाले. आमच्या वाट्याला एका बैलापुरतेच घेतले, उरलेले वडिलांनी शेजारच्याला दिले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात अरब-इस्राएल लढाई झाली, खनिज तेलाचा भाव काही महिन्यांत चौपट झाला. पेट्रोलवर ट्रक चालवणं म्हणजे नोटा जाळणं झालं. काही जणांनी आपल्या डॉज-फार्गोला पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. आमच्याकडं तेवढी ऐपत नव्हती. नानांनी दुसऱ्याच्या टाटावर ड्रायव्हरी धरली आणि लाल डॉज खळ्यात उभी राहिली. मी शेतीत राहिलो. चाचांकडं मात्र सुट्टीच्या दिवशी जात होतो. त्यांनी मला मोटारसायकलचे प्लगही काढायला शिकवलं. तिथं उलटा नियम. हेड अॅल्युमिनियमचं, मऊ. गरम असताना काढलं तर आटेच प्लगाबरोबर बाहेर येतात. म्हणून पूर्ण गार होऊ द्यायचं. बीड असेल तर कोमट चालतं.

मधे टेक्सासहून भाच्याचा फोन आला होता. तिकडं ट्रक म्हणजे पिकअप, आणि त्या अजून पेट्रोलवर चालतात. त्याच्याकडं २००५ सालची एक जुनी पिकअप आहे. तिचे प्लग दोन तुकडे जोडून केलेले, खालची लांब नळी काजळीनं चिकटते आणि प्लग काढताना तीच हेडमध्ये राहते. त्यासाठी तिथं वेगळं हत्यारच विकत मिळतं म्हणे. कंपनीनं मेकॅनिकांना छापील सूचना दिली आहे, की आधी प्लग जरासा सैल करा, क्लीनर ओता, कमीत कमी पंधरा मिनिटं मुरू द्या, मग पुढं-मागं करत काढा. मी त्याला म्हणालो, पंधरा मिनिटांवर राहू नको, रात्रभर ठेव. त्याचे आठही नीट निघाले.

डॉज आम्ही विकली ती अठ्ठ्याहत्तरला, भंगारात. गाडी ओढून न्यायला माणसं येणार त्याच्या आदल्या रात्री मी सहाही प्लगांच्या बुडाशी तेल सोडलं आणि सकाळी लवकर उठून काढायला बसलो. पाच वर्षं गाडी पावसात उभी होती. पुढच्या पाचांनी बराच वेळ घेतला. सहावा पाव फेऱ्यात सुटला आणि पुढं नुसत्या बोटांनी निघाला. ग्राफाइट तसंच होतं.

वडील बैलांना पाणी दाखवून येत होते. थांबून म्हणाले, "भंगारात चाललीय, तिचे प्लग कशाला काढतो?"

मी म्हणालो, "दादा, तेव्हाचा हा मी मोडला होता. नानांनी नाही."

ते थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "माहीत आहे. तुझे हात बघितले होते मी." आणि बैल घेऊन गोठ्याकडं गेले.